हळदीचा कोपरा

आमच्या भागातल्या एका भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी संडासाचं भांडं छापलं. मुद्दाम नाही. मुद्दाम छापण्याइतकी हिंमत माझ्यात असती तर मी या वयात पंचवटीत फ्लेक्स छापत बसलो नसतो.

असे फ्लेक्स कोणी नीट बघत नाही, म्हणून सांगतो. मध्यभागी भाऊ असतात, कमरेपर्यंत, हात जोडून. वर त्यांच्यापेक्षा मोठे नेते, लहान आकारात. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. शुभेच्छुक गोलात असतात. प्रत्येकाचा एक गोल, गोलाखाली नाव. कोणाचा गोल पहिल्या रांगेत आणि कोणाचा तिसऱ्या, यावरून माणसांनी एकमेकांच्या घरची लग्नं टाळली आहेत, त्यामुळे माझं निम्मं काम डिझाइनचं आणि निम्मं समजूत घालण्याचं असतं. त्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या एका सोसायटीच्या चेअरमनांचा फोटो यायचा राहिला होता. त्यांचा गोल मोकळा ठेवून मी दुसरं काम उघडलं. दुसरं काम म्हणजे संडासाच्या भांड्याचं चित्र. आपल्या बैठकीचं भांडं, वरून दिसतं तसं, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या जागा, शेजारी नळ आणि लाल मग. तेवढ्यात चेअरमनांचा फोटो आला. मी चष्मा कपाळावर ठेवूनच तो ओढला, गोलात सोडला आणि प्रिंट दिली. काय ओढलं आणि काय सोडलं, ते दोन दिवसांनी भाऊंचा एक कार्यकर्ता दुकानात आला तेव्हा कळलं.

"काका, काय राव! चौकात जाऊन बघा जरा."

"काय झालं? रंग गेला का?"

"रंग एक नंबर आहे. चेअरमनच्या जागी संडास आहे."

मी बसलेलोच होतो, तरी पुन्हा बसलो. "किती जणांनी पाहिलं?"

"कोणीच नाही पाहिलं ना! भाऊंनी खाली उभं राहून फोटो काढून घेतले, त्यांना दिसलं नाही. चेअरमननी स्वतः स्टेटसला ठेवलाय."

"मग तुला कसं कळलं?"

"त्यांच्या मिसेसनी दाखवलं. मी म्हटलं, वहिनी, लगेच बदलतो. तर म्हणाल्या, राहू द्या, ओळखू येतंय."

मी शिडी घेऊन गेलो आणि भांड्यावर चेअरमन चिकटवले. स्टिकर जरा लहान पडला. चेअरमनांच्या कानामागून लाल मग डोकावत राहिला. खाली उतरून पाहिलं तर मगाकडेही कोणी बघत नव्हतं, म्हणून तसाच ठेवला.

संध्याकाळी घरी हा प्रकार सांगितला तेव्हा बायको खूप दिवसांनी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि मग म्हणाली, "ओळखू येतंय म्हणाली ती? खरंच?" त्यानंतर आम्ही दोघांनीही समोर पाहिलं. कारण ते चित्र ज्या एका माणसाला ओळखू यावं म्हणून मी आठवडाभर काढत होतो, ते माणूस समोर फरशीवर बसून डब्याचं झाकण गरगर फिरवत होतं. तिला ते ओळखू येईल का, एवढाच आमच्या घरात प्रश्न होता.

आमची लेक अकरा वर्षांची आहे. ती बोलत नाही. तिला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. स्वतःत मग्न मी असतो, मोबाइल हातात घेऊन. ती मग्न असते झाकणात, पंख्याच्या सावलीत, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात. स्वतःचा विचार ती फारसा करत असेल असं तिच्याकडे बघून वाटत नाही. काही हवं असलं की ती आईच्या ओढणीचं टोक धरते आणि ओढते. कसं ओढलं, किती ओढलं, कोणत्या बाजूला ओढलं, यावरून बायकोला कळतं की पाणी हवंय की संडासला जायचंय की शेजारच्यांचा मिक्सर बंद करायचाय. मी ओढणी घेत नसल्यामुळे मला यातलं काही कळत नाही. एकदा बायको माहेरी लग्नाला गेली तेव्हा मी खांद्यावर तिची ओढणी टाकून घरात फिरलो होतो. लेकीने ती माझ्या खांद्यावरून काढली, घडी घातल्यासारखी केली आणि पलंगावर ठेवली. वेषांतर चाललं नाही.

तर निफाडच्या रस्त्याला अशा मुलांची एक शाळा आहे. थंडीत आम्ही तिथे गेलो होतो. मोकळी जागा, झाडं, मागे मोठ्या मुलांसाठी एक शेड, तिथे ती कागदाच्या पिशव्या करतात. शाळेचं वय संपलं तरी तिथेच ठेवून घेतात. राहायचीही सोय आहे. 'आमच्यानंतर' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही, त्याऐवजी आम्ही 'पुढे' म्हणतो. पुढे काय, याचं उत्तर मला आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडमध्ये दिसलं. एक पंचविशीचा मुलगा कागदाला खळ लावत होता, आणि त्याच्या शेजारी त्याची आई नव्हती.

शाळेच्या मोठ्या बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "बोलली नाही तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण दोन गोष्टी तिला चित्र दाखवून सांगता आल्या पाहिजेत. पाणी आणि संडास. आणि कोणालाही सांगता आल्या पाहिजेत. फक्त आईला नाही. एप्रिलमध्ये घेऊन या, बघू."

आम्ही गाडीत बसलो तेव्हा बायको म्हणाली, "पाणी तर येतं तिला." आणि ते खरं होतं. खरं आहे असं आम्हाला वाटत होतं.

पाण्याची गोष्ट अशी. ती ज्या थेरपी सेंटरला जाते तिथल्या ताईंनी आम्हाला चित्रांची कार्डं करायला दिली होती. काळ्या रेघांची चित्रं. ग्लास, त्यात नळी खुपसलेली. बिस्कीट. झोका. भूक लागली म्हणजे एक मुलगा पोट धरून उभा. माझ्या मते त्याला जुलाब होत होते. घर म्हणजे उतरतं छप्पर आणि त्यातून निघणारा धूर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या घरातून धूर निघाला तर आम्ही अग्निशमन दलाला बोलावू. तरी कार्डं छापली, लॅमिनेट केली, मागे चपलेला असतो तसला चरचर करणारा पट्टा चिकटवला आणि फ्रीजवर लावली.

काही महिने ती कार्डं फक्त फ्रीजची शोभा वाढवत होती. बायको मात्र चिकाटीची. स्वयंपाक करता करता, हात तसेच, दर वेळी पाणी देण्याआधी ती ग्लासचं कार्ड लेकीच्या हातात द्यायची, ते स्वतःच्या हातात घ्यायची आणि मग पाणी द्यायची. आणि एका दुपारी लेक आपणहून उठली, फ्रीजवरून ते कार्ड चर्र करून काढलं आणि मेथी निवडत बसलेल्या आईच्या हातात ठेवलं. बायकोने मला दुकानात फोन केला. ती काय म्हणाली ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "अहो, ती बोलली." मी शटर ओढलं, पेढे घेतले आणि सोसायटीत वाटले. लोकांनी विचारलं, कसले पेढे? मी म्हटलं, पोरीने पाणी मागितलं. लोकांनी पेढा घेतला आणि माझ्याकडे जरा जपून पाहिलं.

आता एप्रिलच्या तयारीला लागायचं तर माझ्यातला कलाकार जागा झाला. मी आयुष्यभर चित्रांच्या धंद्यात आहे. लोकांना लांबून, चालत्या गाडीवरून, कळेल असं चित्र काढणं हे माझं काम. माझं म्हणणं असं की, पोरीला संडासाचं कार्ड कळत नाही यात तिची काही चूक नाही. कार्डावर कमोड आहे. आमच्याकडे कमोड नाही. तिने उभ्या जन्मात कमोड वापरला नाही, तिला ती खुर्ची वाटत असणार. आपण आपलं चित्र काढू. आपलं भांडं, आपला लाल मग. पाण्यालाही आपला स्टीलचा पेला, कडेला चेपलेला, जसा आहे तसा. शिवाय ग्लासच्या जुन्या कार्डाची अवस्था मला बघवत नव्हती. लॅमिनेशनची एक कड सुटली होती आणि त्यातून बायकोच्या बोटांची हळद आत शिरून कोपरा पिवळा झाला होता. छापणाऱ्याच्या घरात असलं कार्ड म्हणजे न्हाव्याच्या घरात वाढलेले केस.

नवीन कार्डं सुरेख झाली. कोपरे गोल, कागद जाड, रंग अगदी जसेच्या तसे. पेल्याचा चेपही काढला. बायको म्हणाली, "छान आहेत हो," आणि माझ्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची तसं पाहिलं. एका रविवारी सकाळी मी जुनी कार्डं काढून नवी फ्रीजवर लावली. जुनी फेकणार होतो, तर बायकोने काढून घेतली. तिला काही फेकवत नाही.

लेक उठली, फ्रीजसमोर आली आणि उभी राहिली. पेल्याचं कार्ड बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिने ते पाहिलं. बिस्किटाचं पाहिलं. मग फ्रीजच्या दारावर हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, जसा आपण अंधारात बटण शोधताना फिरवतो तसा. मग ती फ्रीजच्या मागे बघायला लागली. मी पेल्याचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "हे बघ बाळा, आपला पेला." तिने ते जमिनीवर टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा टाकलं. मग तिने स्वतःचा हात चावला, जोरात, आणि आईच्या ओढणीकडे धावली.

"नवीन आहे, सवय होईल," मी म्हटलं.

पाणी पाजून बायको आत गेली आणि ते जुनं, कड सुटलेलं कार्ड आणून फ्रीजवर लावलं. थोड्या वेळाने लेकीने ते चर्र करून काढलं आणि आईच्या हातात ठेवलं.

"तिला तुमच्या चित्रापेक्षा जुनंच आवडतं," बायको म्हणाली. माझी थट्टा करण्याइतकी ती तेव्हा आनंदात होती.

पुढच्या आठवड्यात ताई घरी आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण आम्हाला 'आई' आणि 'बाबा' म्हणतात, आणि त्यांच्यासमोर मी दहावीच्या निकालाला उभा असल्यासारखा उभा राहतो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कार्डं हातात घेऊन पाहिली. माझ्या चित्राचं कौतुक केलं. मग जुनं कार्ड उजेडात धरलं आणि बराच वेळ त्या पिवळ्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"आई, पांढरा कागद आहे का?"

त्यांनी लेकीला खारे शेंगदाणे दिले. ती खात असताना जुन्या कार्डावर पांढरा कागद चिकटवला, असा की ग्लास, नळी, खालचा शब्द, सगळं झाकलं गेलं. फक्त पिवळा कोपरा उघडा. मग ते पांढरं कार्ड, माझं पेल्याचं नवीन कार्ड आणि बिस्किटाचं जुनं कार्ड, अशी तीन समोर मांडली. लेकीला तहान लागली होती. तिने एक क्षणही घेतला नाही. पांढरं कार्ड उचललं आणि ताईंच्या हातात ठेवलं.

ताईंनी पाणी दिलं. थोड्या वेळाने बायकोकडे चिमूटभर हळद मागितली, ओल्या बोटाने बिस्किटाच्या कार्डाच्या त्याच कोपऱ्याला लावली आणि पिवळ्या कोपऱ्याचं पांढरं कार्ड उचलून पर्सखाली ठेवलं. पुन्हा शेंगदाणे. पुन्हा तहान. लेकीने बिस्किटाचं कार्ड दिलं. ताईंनी बिस्कीट पुढे केलं. लेकीने ते असं ढकललं की ते थेट सोफ्याखाली गेलं. पाणी दिल्यावर घटाघट प्यायली.

मी वाकून सोफ्याखालचं बिस्कीट काढायला लागलो.

"बाबा, जरा बसा," ताई म्हणाल्या. "आपण ग्लासचं चित्र बघतो तेव्हा खरं तर कार्ड बघतच नाही. आपण त्याच्यातून आरपार पाण्याकडे बघतो. हिच्यासाठी कार्ड हीच वस्तू आहे. पिवळ्या कोपऱ्याची एक वस्तू आहे, ती आईच्या हातात ठेवली की पाणी येतं. ती चुकत नाहीये. तिच्या हिशोबाने तिचं बरोबर आहे."

"म्हणजे तिला चित्र दिसत नाही?"

"दिसतं. कदाचित आपल्यापेक्षा बारीक दिसतं. ते कशाचं तरी आहे, हे नाही कळत. अजून नाही. काही मुलांना रेघांचं नाही कळत, फोटो कळतो. काहींना वस्तूचा तुकडा हातात दिला तर कळतं. काहींना उशिरा येतं."

"आणि काहींना?" बायकोने विचारलं.

ताईंनी पर्स उचलली, खालचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "आपण वस्तूचा तुकडा करून बघू," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी फ्रीजसमोर उभा राहिलो. सोसायटीत मी जे पेढे वाटले होते ते हळदीच्या डागाचे होते, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे त्यातूनही काही शोधायला लागलो. म्हटलं, अगं, पण डाग तर डाग. एक खूण दिली की पाणी मिळतं, हे तर तिला कळलं ना? आपली अक्षरंसुद्धा काय असतात, काळे डागच.

"हो," बायको म्हणाली. "पण आपले डाग सगळ्यांना वाचता येतात."

त्यानंतर लाल मगाचा उद्योग सुरू झाला. आमच्या संडासातला लाल मग मी कापला, त्याचा कान कार्डावर चिकटवला. संडासला जाताना दर वेळी बायको ते कार्ड लेकीच्या हातात द्यायची, मग दार उघडायची. मी दुकानातून फोन करून विचारायचो, काही प्रगती? बायको म्हणायची, निवडणुकीचा निकाल आहे का, दर तासाला विचारताय ते. मधे एकदा लेकीने आपणहून ते कार्ड उचललं. बायको धावत दार उघडायला गेली. लेक मागे आलीच नाही. ती मगाच्या कानात बोट घालून कार्ड पंख्यासारखं फिरवत होती, आणि खूश होती. आम्ही संडासाच्या उघड्या दारात उभे राहून तिचा आनंद बघत होतो.

एप्रिल आला. आम्ही दुकानाच्या व्हॅनमधून निघालो. मागे फ्लेक्सचे गुंडाळे, शाईचा वास. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेले, वळसे घेत घेत शहराबाहेर पडलो. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांची खरड छाटणी नुकतीच झालेली, सगळ्या बागा उघड्या, नुसते वेलांचे बुंधे आणि तारा. बायको लेकीचे केस सारखे नीट करत होती. लेकीला नवा फ्रॉक घातला होता. चित्र ओळखण्याच्या परीक्षेला नव्या फ्रॉकचा काय उपयोग, असं मी म्हणणार होतो. पण मीही इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मोठ्या बाईंनी बायकोला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर. एक तरुण शिक्षिका लेकीसमोर बसली. मी आमची कार्डं पुढे केली, आणि कुलदैवताला हात जोडावेत तसं जुन्या पिवळ्या कोपऱ्याकडे बघितलं. आम्ही कोणालाच डागाचं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवलं नव्हतं, नुसतं सांगितलं नव्हतं.

शिक्षिकेने लाह्या दिल्या, खारट. वाट पाहिली. लेकीने टेबलावर नजर फिरवली, पिवळा कोपरा उचलला आणि शिक्षिकेच्या हातात ठेवला. एका परक्या बाईच्या हातात! मी खुर्चीतून उठलोच. शिक्षिकेने पाणी दिलं आणि हसून म्हणाली, "शाब्बास." मोठ्या बाईंनीही मान हलवली. तेवढा वेळ, पेला भरून रिकामा होईपर्यंतचा, आमची लेक त्या शाळेत होती. मला ती शेडमध्ये खळ लावतानासुद्धा दिसली.

"आता आपलं कार्ड ठेव," मोठ्या बाई म्हणाल्या.

शिक्षिकेने आमचं उचललं आणि शाळेचं ठेवलं. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा ग्लास. स्वच्छ, नवं, चारही कोपरे सारखे. लेकीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

त्यानंतर पाण्याने आपलं काम केलं. तिचे गुडघे एकमेकांना चिकटले, ती खुर्चीत मागेपुढे व्हायला लागली. मला कळलं. शिक्षिकेलाही कळलं असावं. तिने सगळी कार्डं समोर सरकवली, शाळेचा कमोड, माझं सुरेख भांडं, मगाचा कान. "बोल बाळा, काय हवंय?" लेकीने मगाचा कान घेतला. तिने बोट घातलं आणि कार्ड फिरवलं. एकदा, दोनदा, छान फिरलं. मग ते खाली ठेवून ती उठली, आमच्या कोणाहीकडे न बघता दारातून व्हरांड्यात गेली आणि आईच्या ओढणीचं टोक धरून ओढलं.

बायको उठून उभी राहिली. "कुठे आहे हो?" तिने विचारलं, आणि शिक्षिका दोघींना घेऊन गेली.

"असं सांगते का ती?" मोठ्या बाईंनी मला विचारलं.

"हो. आईला बरोबर कळतं," मी म्हटलं, जरा अभिमानानेच.

"आणि आई नसेल तेव्हा?"

बाहेर नळाचा आवाज येत होता. मी टेबलावरची कार्डं गोळा करायला लागलो.

"माझ्याकडे मुलं जास्त आणि हात कमी आहेत," त्या म्हणाल्या. "ज्यांना सांगता येत नाही ती भिजून बसून राहतात. कोणाच्या लक्षात येईपर्यंत बसून राहतात. मला ते बघवत नाही, म्हणून ही अट आहे. मी वाईट बाई नाही."

"नाही हो," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी या म्हटलं असतं. पण बारा पूर्ण झाली की नवीन मुलं आम्ही घेत नाही. तुम्हाला खोटी आशा लावून पाठवणं मला जमणार नाही."

मी त्यांचे आभार मानले. कशाबद्दल ते अजून कळलेलं नाही. सवयच आहे, गिऱ्हाईक फ्लेक्स परत आणून टाकतं तेव्हाही मी धन्यवाद म्हणतो.

परतताना चौकातल्या सिग्नलला थांबलो तर भाऊ अजून हात जोडून उभे होते. उन्हाने फिके झाले होते, पण होते. खाली शेवटच्या रांगेत चेअरमन आणि त्यांच्या कानामागे लाल मग. मी मागे वळून म्हटलं, "बघ बाळा, बघ, मग! आपला मग!" लेकीने खरोखर वर पाहिलं. मी तिच्या नजरेच्या मागे गेलो. फ्लेक्सचा एक कोपरा बांबूवरून सुटला होता आणि वाऱ्याने फडफडत होता. ती तिकडे बघत होती. सिग्नल सुटल्यावरही मान वळवून बघत राहिली.

घरी आल्यावर बायकोने कार्डं पुन्हा फ्रीजवर लावली. माझी सुरेख कार्डं तिने लावली नाहीत. संध्याकाळी, चहा गॅसवर असताना, लेक आली, चर्र करून कार्ड काढलं आणि आईच्या हातात ठेवलं. बायकोने पाणी दिलं. लेक पेला उपडा करून झाकणांकडे गेली. बायको कार्ड हातात धरून तशीच उभी राहिली. मग खिडकीपाशी नेऊन त्याचा कोपरा बघितला.

"फिका पडत चाललाय," ती म्हणाली. "फ्रीजवर दुपारचं ऊन येतं ना. हळद टिकत नाही उन्हात."

"पुन्हा लावू."

"लावीन की. मी आहे तोवर लावीन." तिने मिसळणाचा डबा उघडला, बोट ओलं केलं, हळदीत टेकवलं आणि सुटलेल्या कडेतून आत नेलं. "पण कुठल्या कोपऱ्यात लावायची, ते कुणाला तरी सांगून ठेवायला हवं."

"कुणाला?" मी विचारलं.

तिने कार्ड फ्रीजवर दाबून बसवलं, बोट ओढणीला पुसलं आणि चहा गाळायला घेतला.

"तुम्ही रोज एवढे शुभेच्छुक छापता," ती म्हणाली. "त्यातल्याच एखाद्याला विचारून बघा."